‘साम, दाम, दंड, भेद’मधला दाम

विचारणा अशी : ‘साम, दाम, दंड, भेद’मधला दाम म्हणजे दोरी की पैसा? की हा शब्दच फारसी?

मुळात तो तिथला नव्हेच. मनुस्मृतीत (७.१९८) ‘साम्ना दानेन भेदेन’ असं स्पष्ट आहे, कौटिल्य त्या दानाला ‘उपप्रदान’ म्हणतो. भाषणांत नि मथळ्यांत हा ‘दाम’ ऐकून कान किटले. ‘साम, दान, भेद, दंड’ म्हणा.

‘नाणी दोरीत ओवत, म्हणून दामन्‌पासून दाम’ ही पैसा या अर्थाच्या दामची व्युत्पत्ती (दामन् म्हणजे संस्कृतात दोरी) आता मोडीत काढावी. मराठीत दोन स्वरांमधल्या म चा व होतो : ग्राम-गाव, नाम-नाव. तसंच दामन्‌चं झालं दावं, गुरं बांधायचं. म टिकतो तो जोडाक्षरातला : कर्म-कम्म-काम, घर्म-घम्म-घाम (मधलं रूप प्राकृत). म्हणजे ‘दाम’च्या मागे ‘दम्म’ हवा, आणि तो आहे : द्रम्म, एक जुनं नाणं. शिलाहारांच्या लेखांत द्रम्म आहेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात १६ ‘पण’ (छोटं नाणं) म्हणजे १ द्रम्म. फारसीचं म्हणाल, तर तिथला दिरहमही याच घरचा.

द्रम्म म्हणजे ग्रीक द्राख्मे हे नाणं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला पेरिप्लस हा ग्रीक सागरी प्रवासग्रंथ सांगतो, की अपोलोडोटस आणि मिनँडर या हिंदी-ग्रीक राजांचे जुने द्राख्मे भडोचला तेव्हाही चालत होते. पैठण-तेरचा माल त्याच बंदरात उतरे.

आता खरी मौज. द्राख्मे म्हणजे मूठ, मुठीत मावेल तेवढं. कशाची मूठ? मांस भाजायच्या लोखंडी सळयांची! सळई म्हणजे ओबेलोस, त्यावरून ओबोलोस हे नाणं. सहा सळया एका मुठीत, म्हणून सहा ओबोलोस म्हणजे एक द्राख्मे. पुढे अथेन्सचा द्राख्मे जेमतेम ४.३ ग्रॅम चांदीचा झाला, ओबोलोस ०.७२ ग्रॅमचा, धातू बदलला, हिशेब सहाचाच राहिला.

‘त्या सळया निव्वळ स्वयंपाकाच्या’ म्हणणारे अभ्यासक या सहाच्या हिशेबाचं काय करतात? आर्गोसजवळच्या हेरा देवीच्या देवळात सळयांची अख्खी मोळी सापडली. ऱ्होडोपिस या गणिकेने मिळकतीचा दहावा हिस्सा बैल भाजायच्या लोखंडी सळयांच्या रूपात डेल्फीच्या देवळाला वाहिला, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो. संपत्ती मोजायला नि देवाला द्यायला सळई चालत होती, हे यातून उघड दिसतं. भाजायला उपयोगी पडते, म्हणूनच तर तिला मोल आलं.

स्पार्टा या ग्रीक नगरराज्याचं लोखंडी चलन मात्र यात मिसळू नका. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराच्या सांगण्यानुसार तिथे तापलेलं लोखंड व्हिनेगरमध्ये विझवत. त्याने ते ठिसूळ होई नि दुसऱ्या कामाला निरुपयोगी. दहा मिना (मिना म्हणजे शंभर द्राख्मे) किमतीचं ते लोखंड न्यायला बैलजोडी लागे. मुद्दाम मोल मारलेलं लोखंड ते; त्याच्यापासून ना द्राख्मे निघाला, ना आपला दाम.