सर्वोत्तम पिचरला ऐन हंगामात का थांबवतात?

बेसबॉलमध्ये संघ गुणतालिकेत आघाडीवर असताना सर्वोत्तम पिचरला (फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्याला) घरी बसवणे आणि फलंदाजांचा क्रम वरचेवर बदलणे यात शहाणपणा तो कोणता, आणि हे ठरवते कोण, असा आपला प्रश्न आहे. मी २०१२ साली व्हर्जिनियात राहत होते आणि वॉशिंग्टन नॅशनल्सचा तो हंगाम अगदी जवळून पाहिला. आपण विचारलेले दोन्ही निर्णय त्या एकाच संघाने त्याच वर्षी घेतले, म्हणून त्याच्याच आधारे उत्तर देते.

फलंदाजीच्या क्रमाचा निर्णय तुलनेने हलका असतो, कारण आज चुकला तर उद्या दुरुस्त करता येतो आणि हंगामात सामने १६२ असतात. क्रमात एक जागा वर सरकलेल्या खेळाडूला वर्षभरात साधारण १५ ते २० पाळ्या जास्त मिळतात, त्यामुळे जो हमखास बेसवर (धाव पुरी करण्याच्या वाटेवरील टप्प्यावर) पोहोचतो त्याला वर ठेवावे, इतका साधा हिशेब त्यामागे असतो. जेसन वर्थ हा १२६ दशलक्ष डॉलरच्या कराराने आणलेला खेळाडू. मे महिन्यात त्याचे मनगट मोडले आणि ऑगस्टमध्ये तो परतला. मॅनेजर डेव्ही जॉन्सन यांनी त्याला मोठे फटके मारण्याच्या जागेवरून काढून थेट पहिल्या क्रमांकावर आणले. त्या वर्षी त्याचे होमरन (चेंडू मैदानाबाहेर टोलवणारे फटके) अवघे ५, पण दर १०० पाळ्यांपैकी सुमारे ३९ वेळा तो बेसवर पोहोचत होता. त्याच्या मागे १९ वर्षांचा ब्राइस हार्पर. ही जोडी बसली नसती, तर आठवडाभरात मोडून दुसरी करता आली असती.

पिचरच्या बाबतीत अशी मोकळीक नसते. नॅशनल्सचा पिचर स्टीफन स्ट्रासबर्ग हा नव्या खेळाडूंच्या २००९ च्या निवडीत सर्वांत आधी घेतलेला खेळाडू. जून २०१० मध्ये पदार्पणातच त्याने १४ फलंदाज तीन स्ट्राइकवर (हुकलेल्या किंवा सोडलेल्या अचूक चेंडूंवर) बाद केले आणि ऑगस्टमध्ये त्याच्या कोपराचा अस्थिबंध फाटला. सप्टेंबरमध्ये त्याच्यावर ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया झाली. तीत फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी शरीरातील दुसऱ्या ठिकाणचा स्नायुबंध बसवतात. २०११ च्या अखेरीस परतून त्याने मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च स्तरावर, केवळ २४ इनिंग टाकल्या होत्या (एक सामना साधारण नऊ इनिंगचा असतो). अशा हाताला पुढच्याच वर्षी २०० इनिंगचा भार द्यायचा नाही, असे जनरल मॅनेजर, म्हणजे संघ उभारणारे मुख्य अधिकारी, माइक रिझो यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वीच ठरवले होते. जॉर्डन झिमरमन या त्यांच्याच पिचरला त्याच शस्त्रक्रियेनंतर २०११ मध्ये १६१ इनिंगनंतर थांबवले होते आणि २०१२ मध्ये तो ठणठणीत होता. त्यामुळे त्यांच्यापुढे घरचाच नमुना होता. तेव्हा ‘ठरवतो कोण’ याचे उत्तर असे की, आज रात्री कोण कितव्या क्रमांकावर खेळेल हे मॅनेजर ठरवतो, आणि पिचरच्या हातावर वर्षभरात किती भार टाकायचा हे बहुतेक वेळा त्याच्या वरचे लोक.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी मी मैदानावर होते. मायामीविरुद्ध स्ट्रासबर्गने तीन इनिंगमध्ये पाच धावा दिल्या आणि चौथ्या इनिंगला त्याच्या जागी दुसराच पिचर आला. आसपासचे सगळे जण त्याच्या पुढच्या सामन्याविषयी बोलत होते, कारण अजून एक सामना तो खेळणार हे जाहीर झालेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जॉन्सन यांनी त्याचा हंगाम संपल्याचे सांगितले. २८ सामने, १५९ इनिंग, १५ विजय, तीन स्ट्राइकवर १९७ बाद. ज्या शहराने १९३३ नंतर बेसबॉलचा एकही बाद फेरीचा सामना पाहिला नव्हता, त्या शहरातील लोकांचा संताप मला पूर्णपणे समजत होता.

माझे मत असे आहे की मर्यादा घालणे योग्य होते, मात्र तिची मोजणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून, म्हणजे हंगामाच्या आरंभापासून, सुरू करणे चूक होती. हाच प्रश्न त्याच वर्षी अटलांटाच्या संघासमोर होता. क्रिस मेडलेनची तीच शस्त्रक्रिया ऑगस्ट २०१० मध्ये, म्हणजे जवळपास त्याच सुमारास झालेली. अटलांटाने त्याला जुलैअखेरपर्यंत बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांत ठेवून एकदोन इनिंगपुरते वापरले आणि मग सामना सुरू करणाऱ्या पिचरांत घेतले. त्याने सुरू केलेले नियमित हंगामातील बाराही सामने संघाने जिंकले, त्याच्या एकूण इनिंग १३८ च झाल्या आणि ऑक्टोबरमधील बाद फेरीच्या सामन्यात चेंडू त्याच्याच हातात होता. पुढे २०१४ मध्ये मेडलेनचे कोपर पुन्हा गेले, तर स्ट्रासबर्ग २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण एवढ्यावरून २०१२ चा एक मार्ग खरा आणि दुसरा खोटा ठरवणे मला पटत नाही. मधल्या वर्षांत दोन्ही हातांवर इतर बरेच काही गुदरले होते.

स्ट्रासबर्ग असता तर नॅशनल्स जिंकले असते, हे मात्र मी आजही मान्य करत नाही. बाद फेरीतील सेंट लुईसविरुद्धच्या मालिकेत तो बहुधा रॉस डेटवायलर किंवा एडविन जॅक्सन यांच्या जागी खेळला असता. डेटवायलरने चौथ्या सामन्यात सहा इनिंगमध्ये एकच धाव दिली आणि तो सामना वर्थने नवव्या इनिंगमध्ये, एकाच पाळीतील तेराव्या चेंडूवर होमरन मारून जिंकून दिला. जॅक्सनचा सामना संघ ०-८ ने हरला; आपली एकही धाव होत नसेल, तर पिचर कोणीही असला तरी जिंकता येत नाही. पाचव्या सामन्यात संघ ६-० ने पुढे होता आणि तिथे खरा प्रश्न वेगळाच होता. हंगामात बराच काळ शेवटची इनिंग टायलर क्लिपर्डने टाकली होती आणि आघाडी टिकवून ३२ सामने राखले होते. ड्रू स्टोरेन कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर जुलैमध्ये परतला आणि हंगामाच्या अखेरीस शेवटची इनिंग पुन्हा त्याच्याकडे आली. त्या रात्री आठव्या इनिंगमध्ये क्लिपर्डने एक होमरन दिला, आणि नवव्या इनिंगमध्ये ७-५ अशी आघाडी, दोन फलंदाज बाद आणि विजयाला एक स्ट्राइक उरलेला असताना स्टोरेनने लागोपाठ दोघांना वॉक (चार चुकीचे चेंडू टाकल्याने फुकटचा पहिला बेस) दिला. त्यापुढच्या दोन फलंदाजांनी चार धावा केल्या आणि ७-९ असा पराभव झाला. सामना सुरू करणारा पिचर कोणीही असता, तरी ती इनिंग स्टोरेनच टाकणार होता.