वडील गेले तरी रडलो नाही, हे खंबीर असणं आहे का?

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. इथे सांगते त्या तरुणाला डॉक्टरांनी माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं होतं. सतत पोट दुखायचं, तपासण्यांत काही निघत नव्हतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील अचानक गेले. तेराव्यापर्यंत गुरुजी, जेवणाची ऑर्डर, पाहुण्यांची सोय, सगळं त्याने एकट्याने पाहिलं. एकदाही रडला नाही. आता झोप तुटक, लहान मुलीवर पाणी सांडलं म्हणूनही ओरडायचा, आणि आई बाबांचा विषय काढते म्हणून तिच्यासमोर बसणंच टाळायचा.

मोबाइलवर स्टोइक विचारांचे (जे आपल्या हातात नाही ते शांतपणे स्वीकारायला सांगणारं प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञान) व्हिडिओ ऐकून त्याने रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचा आदर्श ठेवला होता. "मॅडम, पोटचा मुलगा गेला तरी तो पाच दिवसांत कामाला लागला. मग मलाच का जमत नाही?"

पाच दिवसांची गोष्ट प्राचीन चरित्रात आहे. मार्कसचा सात वर्षांचा मुलगा कानाखालच्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर दगावला. त्याने पाच दिवस शोक केला आणि राज्यकारभार हाती घेतला. पण तिथेच असंही लिहिलंय, की शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्यांचंही त्याने सांत्वन केलं. ज्याने दुःख आत येऊच दिलं नाही, त्याला समोरच्याचं दुःख दिसलं असतं का, असं मी त्याला विचारलं. तो बराच वेळ बोलला नाही.

मग मार्कसच्या तरुणपणीची गोष्ट सांगितली. त्याला वाढवणारा शिक्षक वारला तेव्हा तो रडत होता. राजवाड्यातले लोक त्याला आवरू लागले, तर दत्तक पिता सम्राट अँटोनायनस पायस म्हणाला, त्याला माणूस राहू द्या. तत्त्वज्ञान काय किंवा सत्ता काय, भावना काढून घेत नाही. हा प्रसंग व्हिडिओवाल्यांनी आवर्जून सांगायला हवा, असं मला फार वाटतं. मार्कसने स्वतःसाठी ग्रीकमध्ये जी टिपणं लिहिली, त्यांतही सेक्स्टस या गुरूबद्दल तो कृतज्ञतेने लिहितो, की विकारांपासून अगदी मुक्त, तरीही मायेने भरलेला माणूस कसा असतो हे त्याच्याकडून कळलं. मार्कसला तेराएक मुलं झाली, त्यांतली निम्म्याहून जास्त त्याच्या डोळ्यांदेखत गेली. साथीचा रोग आणि डॅन्यूबकाठची युद्धं वेगळीच. रागावर ताबा ठेव, असं तो टिपणांत स्वतःला पुन्हा पुन्हा बजावतो. सहज जमत असतं तर कशाला बजावलं असतं?

स्टोइक विचार सोड, असं मी त्याला सांगितलं नाही. मृत्यू आपल्या हातात नाही. मुलीशी कसं बोलायचं आणि आईजवळ बसायचं की नाही, हे आहे. रोज रात्री वहीत तेवढंच लिहायचं ठरलं, आणि सोबत बाबांची एक आठवण.

पुढच्या भेटीला त्याने वही दाखवली. बाबा दर रविवारी त्याच्या स्कूटरच्या टायरमधली हवा अंगठ्याने दाबून बघायचे, एवढंच एका पानावर होतं. ते वाचून दाखवताना तो रडला. आईशी बोलणं आता सुरू झालंय, मुलीवरचं ओरडणं कमी आहे. पोटदुखी अजून अधूनमधून होते, म्हणून डॉक्टरांचे उपचार आणि आमच्या भेटी दोन्ही चालू ठेवल्या आहेत.