लिनक्सवर लॅबमधल्या तीस मशीनची हार्डवेअर यादी एका कमांडने निघते का?

निघते. सुडो (म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून एलएसएचडब्ल्यू ही कमांड चालवा, शॉर्ट हा पर्याय दिला की यादी आटोपशीर येते. तीसच्या तीस मशीनवर एसएसएचमधून, म्हणजे नेटवर्कवरून एकेका मशीनवर शिरून, तीच कमांड लूपने फिरवा. पण प्रश्नात तुम्ही लिहिलंय, "रॅम किती, डिस्क किती, एवढं कळलं तरी पुरे." तेवढं पुरत नाही, आणि मी लिहायला बसलो ते यासाठीच.

नागपुरातल्या एका खासगी कॉलेजच्या लॅबमध्ये मी सहा वर्षं होतो. 40 मशीन, सगळ्यांवर उबंटू, प्रत्येकीत रॅमच्या 4 जीबीच्या दोन स्टिक. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, त्यात धूळ. म्हणून सुट्ट्यांत मेंटेनन्सवाले मशीन साफ करायला घेऊन जायचे. एका वर्षी 11 मशीन गेल्या. जूनमध्ये मुलं सांगू लागली, "सर, सात नंबर खूप हँग होऊन राहिली." फ्री ही रॅम दाखवणारी कमांड मारून पाहिलं तर 4 जीबीसुद्धा पूर्ण नाही. थोडी रॅम कर्नेल (लिनक्सचा गाभा) आणि ऑनबोर्ड ग्राफिक्स घेतात, पण अर्धी नाही घेत.

स्टॉक रजिस्टर सांभाळणारे सर माझ्याहून मोठे. स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "रजिस्टरमध्ये आठ लिहिलंय, कॅबिनेटवर स्टिकर आहे, किल्ली तुमच्याजवळ." म्हणजे चोर मी.

जानेवारीत मी प्रत्येक मशीनवर डीएमआयडीकोड ही कमांड, टाइप 17 म्हणजे फक्त रॅमचा भाग मागून, चालवून फाइली ठेवल्या होत्या. त्यात रॅमच्या एकेका स्लॉटची कंपनी, आकार, स्पीड आणि सिरियल नंबर येतो. पुन्हा काढल्या, जुन्या-नव्या फाइलींतला फरक दाखवणारा डिफ लावला. सात नंबरच्या दुसऱ्या स्लॉटपुढे 'नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड'. ते तर दिसणारच होतं. पण आणखी तीन मशीनमध्ये आकार तोच आणि सिरियल नंबर वेगळे! आमच्या स्टिक काढून दुसऱ्याच बसवल्या होत्या. नुसतं 'आठ जीबी' लिहिणाऱ्या रजिस्टरात हे जन्मात सापडलं नसतं. सर तरी म्हणाले, "कॉम्प्युटरचा कागद पुरावा नसतो." का नसतो? रजिस्टर माणूस लिहितो. हा नंबर स्टिकवरच्या चिपमध्ये कारखान्यातूनच येतो, बायोस (मशीन सुरू करणारं, बोर्डावरचं सॉफ्टवेअर) तो तिथूनच वाचतं.

डिस्कचंही तसंच. डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलके कमांडला मॉडेल आणि सिरियल हे कॉलम मागा. स्मार्टसीटीएल ही कमांड डिस्क किती तास चालली ते सांगतं, नवी म्हणून जुनी बसवली असेल तर तिथे उघडं पडतं.

एक मात्र आहे. डीएमआयडीकोड बायोसने दिलेलंच दाखवतं. असेंबल केलेल्या मशीनमध्ये बोर्डाच्या सिरियलजागी कधी 'टू बी फिल्ड बाय ओईएम', म्हणजे 'मशीन बनवणाऱ्या कंपनीने भरायचं', एवढंच येतं, काही स्टिकचा नंबर नुसती शून्यं. तिथे कॅबिनेट उघडून लेबलचा फोटो काढण्यावाचून इलाज नाही.

आणि मशीन बाहेर जाण्याआधी यादीची प्रिंट काढून नेणाऱ्याची आणि रजिस्टरवाल्यांची, दोघांची सही घ्या. माझ्याकडे फाइली होत्या, सह्या नव्हत्या.