वाचकांचे प्रश्न : फोनवरून दूरच्या सर्व्हरवर काम

प्रश्न : आमच्या छापखान्यात हिशेब आणि छपाईच्या फाइली ठेवण्यासाठी एक लिनक्स सर्व्हर असून त्याची देखभाल माझ्याकडे आहे. कामानिमित्त मला वरचेवर एसटीने पुण्याला जावे लागते. वाटेत काही अडले तर मी अँड्रॉइड फोनवरून एसएसएचने (दूरच्या संगणकाला सुरक्षितपणे आज्ञा देण्याच्या पद्धतीने) जोडणी करतो. पण खंबाटकीच्या बोगद्यात रेंज गेली की जोडणी तुटते. मागच्या महिन्यात बॅकअप असाच अर्धवट राहिला. या जोडणीसाठी राउटरवर एसएसएचचे २२ क्रमांकाचे पोर्ट (बाहेरून आत येण्याचे दार) उघडे ठेवले आहे, ते योग्य आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बॅकअप अर्धवट राहण्याचे कारण फोनमध्ये नसून तो ज्या पद्धतीने सुरू केला त्यात आहे. एसएसएचची जोडणी दोन्ही टोकांच्या इंटरनेटवरील पत्त्यांवरून ओळखली जाते. त्यामुळे फोन मोबाइल डेटावरून वायफायवर गेला किंवा रेंज परतल्यावर त्याला नवा पत्ता मिळाला, तर जुनी जोडणी निकामी होते आणि सर्व्हर तिच्याबरोबर त्या खिडकीत सुरू असलेले कामही थांबवतो. म्हणून लॉगिन झाल्यावर प्रथम टीमक्स (tmux, जोडणी तुटली तरी सर्व्हरवरचे काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) सुरू करून लांबणारे काम त्याच्या आत चालवावे. मग ते सर्व्हरवरच चालू राहते आणि आपण शिरवळला पोहोचल्यावर पुन्हा जोडणी करून, जिथे होते तिथून पाहू शकता. एवढ्या एका सवयीने आपला बॅकअप वाचला असता, म्हणून ती आजच लावून घ्यावी.

पोर्टबद्दल मात्र मला खरोखर काळजी वाटते. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिले. वाटेत कोणी पासवर्ड ऐकू नये, ही त्यामागची गरज होती आणि ती उत्तम भागली; परंतु दारात उभे राहून पासवर्डचा अंदाज बांधत बसणाऱ्याला त्याने आळा बसत नाही. २२ क्रमांकाचे पोर्ट उघडे असलेल्या कोणत्याही सर्व्हरची लॉग फाइल पाहावी, असे प्रयत्न रात्रंदिवस चाललेले दिसतात. पोर्टचा क्रमांक बदलल्याने ही गर्दी कमी होते, धोका तेवढाच राहतो.

माझ्या मते आपण ते पोर्ट बंद करून सर्व्हरवर वायरगार्ड (फोन आणि सर्व्हर यांच्यात खासगी, सांकेतिक मार्ग तयार करणारी व्हीपीएन प्रणाली) बसवावे. ओळखीची चावी (ओळख पटवणारी गुप्त सांकेतिक माहिती) नसलेल्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. आपल्या दृष्टीने त्याचा आणखी मोठा लाभ असा, की फोनचा बाहेरचा पत्ता कितीही वेळा बदलला तरी वायरगार्डच्या आतला पत्ता तोच राहतो, आणि म्हणून थोडा वेळ रेंज गेली तरी एसएसएचची जोडणी बहुधा टिकते. ज्यांच्या इंटरनेट सेवेत स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यांना मध्ये एक छोटा भाड्याचा सर्व्हर घ्यावा लागेल. आपले पोर्ट बाहेरून चालते आहे, त्याअर्थी आपल्याला ती गरज नाही.

फोनसाठी एसएसएचची स्वतंत्र चावी बनवावी, तिला सांकेतिक वाक्य लावावे आणि सर्व्हरवरचे पासवर्डने होणारे लॉगिन बंद करावे. संगणकावरची चावी फोनवर उतरवून घेऊ नये. फोन एसटीत विसरला तर सर्व्हरवरून फक्त त्याची चावी काढून टाकता येते, बाकी कशालाही हात लावावा लागत नाही. टर्मक्स (अँड्रॉइडवर आज्ञा टाइप करण्याचे अॅप) वापरत असाल तर आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरल्यास ते कीबोर्डवरच्या कंट्रोल कळीचे काम करते; लहान पडद्यावर याची फार मदत होते.

प्रश्न : दुकानातल्या विंडोज संगणकाचा पडदा मला टॅबलेटवर दिसत नाही. टॅबलेटमध्ये दोष असेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी संगणकावर विंडोजची कोणती आवृत्ती आहे ते पाहावे. होम आवृत्तीवरून दुसरीकडे जोडणी करता येते, पण तिच्यात रिमोट डेस्कटॉपने (दुसऱ्या उपकरणावर संगणकाचा पडदा दाखवणाऱ्या विंडोजच्या सोयीने) बाहेरून येणारी जोडणी स्वीकारण्याची सोय नाही. त्यासाठी प्रो आवृत्ती लागते. प्रो असल्यास सेटिंग्जमध्ये ती सोय चालू करावी, आणि तिचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट मात्र राउटरवर कदापि उघडू नये. वर सांगितलेल्या वायरगार्डमधूनच आत यावे.