बबलवर कॉल करण्याआधी

गोव्याच्या पोकर टुर्नामेंटसाठी सांगली सोडण्याआधी एवढं डोक्यात पक्कं कर. गणपतीच्या जागरणातल्या तीनपानीत जिंकलेले शंभर आणि हरलेले शंभर सारखेच. टुर्नामेंटमध्ये तसं नसतं. बबलवर, म्हणजे आणखी एक-दोघं बाहेर पडले की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस मिळणार अशा वेळी, गमावलेली चिप कमावलेल्या चिपेपेक्षा महाग पडते.

समज, बक्षिसं 18 जणांना आणि खेळात उरलेत 20. तू बिग ब्लाइंडवर, म्हणजे पानं बघण्याआधीच मोठी सक्तीची पैज लावायच्या जागेवर, जवळ 20 ब्लाइंड, म्हणजे त्या पैजेच्या वीसपट चिपा. स्मॉल ब्लाइंडवरच्या (छोट्या सक्तीच्या पैजेच्या जागेवरच्या) 50 ब्लाइंडवाल्यानं ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिपा लावल्या. तुझ्या हातात एक्का-दश्शी, रंग वेगळे. एरवी तू डोळे झाकून कॉल करशील, म्हणजे त्याच्या पैजेला तुझ्या चिपा लावशील. इथं आधी मान वर कर आणि शेजारच्या टेबलाकडं बघ. तिथं दोघांकडं दोन-दोनच ब्लाइंड उरले असतील, तर पानं टाकून दे; ते दोघं आधी बाहेर पडले की तुझं बक्षीस पक्कं. जीव तुटेल, तरी टाक.

स्वतः ऑल-इन करणं निराळं, तिथं समोरचा पानं टाकण्याची शक्यता असते. कॉल करताना ती नसते. म्हणून कॉलला जास्त तगडी पानं हवीत.

पण नुसता लपूनही बसू नकोस. शेवटचं बक्षीस बहुधा प्रवेश फीच्या थोडंच वर असतं, खरा पैसा अंतिम टेबलावर. तुझा स्टॅक, म्हणजे चिपांचा ढीग, मोठा असेल तर मधल्या स्टॅकवाल्यांवर दाब टाक. संपत आलेल्याला उगाच डिवचू नकोस, तो कॉल करणारच.