हॉकविंड म्हणजे लेमीचा जुना बँड, एवढंच?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिंक फ्लॉइड ऐकून झालं, लेमी या गायक-बासवादकाच्या मोटरहेड या रॉक बँडमुळे हॉकविंड या ब्रिटिश स्पेस-रॉक बँडचं नाव कळलं, पण तीसेक अल्बम आणि लोकलसारखे चढणारे-उतरणारे वादक बघून गोंधळ उडाला. याला एक बँड म्हणायचं का, आणि सुरुवात कुठून करायची?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी. 'स्पेस रिच्युअल', १९७३. दोन तबकड्यांचा लाइव्ह अल्बम, डिसेंबर १९७२ मध्ये लिव्हरपूल आणि लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये मुद्रित केलेला. इयरफोनवर नको, स्पीकरवर ऐका. शेजारी गावाला गेले असतील तर उत्तमच.

आमच्या होस्टेलवर याची एकच कॅसेट फिरायची, कुणाच्या तरी मामेभावाकडच्या एलपीवरून भरलेली. अल्बम जवळजवळ अठ्ठ्याऐंशी मिनिटांचा, म्हणजे नव्वदच्या कॅसेटवर जेमतेम मावणारा. माझा रूममेट शास्त्रीय ऐकणारा, पंडित भीमसेन जोशींचा भक्त. पंधरा मिनिटं त्याने सहन केलं आणि म्हणाला, "अरे, हे अजून तंबोराच लावतायत, गाणार कधी?" टोमणाच होता तो, पण माझी तार नेमकी तिथेच जुळली. तोवर मी या गाण्यांत सुरावटी शोधत होतो आणि हाती काही लागत नव्हतं. सूर बदलण्याची वाट बघायचीच नाही, हे कळलं आणि सगळं सोपं झालं.

बँडचा संस्थापक गिटारवादक डेव्ह ब्रॉक एक-दोन कॉर्ड (एकत्र छेडलेले स्वर) धरतो आणि सोडतच नाही. दहा मिनिटं तेच. सायमन किंगचे ड्रम त्याच ठेक्यावर धावत राहतात. फ्लॉइडचं संगीत तुम्हाला हाताला धरून कुठेतरी नेतं, इथे तुम्ही जागच्या जागी भोवंडून जाता. त्या धुरळ्यावर निक टर्नरचा सॅक्सोफोन येतो (सूर जरा इकडेतिकडे, पण या बँडमध्ये ते चालून जातं) आणि मागून सतत शिट्ट्या, घरघर, भोंगे. हे भोंगे डिक मिक आणि डेल डेटमार या दोघांचे. डिक मिककडे होता ऑडिओ जनरेटर, म्हणजे खरं तर चाचणीसाठी वापरायचं उपकरण, आणि डेटमारकडे सिंथेसायझर. दोघेही आधी पडद्यामागच्या कामातले. रीतसर कीबोर्ड शिकलेला माणूस तिथे बसवला असता तर हा आवाज निघाला नसता, असं माझं ठाम मत आहे.

आता लेमी. जिमी हेंड्रिक्सचं सामान उचलण्याचं काम करून झालेला हा गिटारवाला १९७१ मध्ये गिटारिस्ट व्हायच्या आशेने आला. त्या दिवशी बासवाला फिरकलाच नाही, त्याची बास गिटार (खालच्या सुरांची गिटार) मात्र गाडीत पडून होती. लेमीने आयुष्यात बास वाजवली नव्हती. मग त्याने ती गिटारसारखीच वाजवली, एकेक स्वर न छेडता दोन-तीन तारा एकदम खरडून. 'ब्रेनस्टॉर्म' लावा आणि नुसता तळाचा आवाज पकडा. अंगावर येणारी गुरगुर ऐकू येते, तीच पुढे मोटरहेडमध्ये गेली.

लेमीला बँडमधून काढून टाकलं, ही गोष्टही खरी आहे. मे १९७५ मध्ये अमेरिकेतून कॅनडात शिरताना त्याच्याकडे पावडर सापडली, कोकेन म्हणून अटक झाली. निघालं अ‍ॅम्फेटामाइन, म्हणजे दुसरंच उत्तेजक, त्यामुळे आरोप टिकला नाही आणि तो सुटला. टोरंटोचा कार्यक्रम झाल्यावर बँडने त्याला नारळ दिला. इतर मंडळींचे शौकही काही तुळशीचा काढा पिण्याचे नव्हते, त्यामुळे कारण निव्वळ अटक नसावं; वेगळ्या नशेतल्या माणसांचं एकमेकांशी पटत नाही, एवढंच. हॉकविंडसाठी त्याने लिहिलेलं शेवटचं गाणं 'मोटरहेड'. नाव तिथूनच.

पण बँड समजून घ्यायचा तर लेमीच्या आधी जावं लागतं. ब्रॉक लंडनच्या रस्त्यांवर गिटार-माउथ ऑर्गन वाजवून पैसे मिळवणारा. १९६९ च्या ऑगस्टमध्ये नॉटिंग हिलच्या एका हॉलमध्ये ही टोळी आगंतुकपणे घुसली. नावही ठरलेलं नव्हतं, म्हणून 'ग्रुप एक्स'. एकाच धूनवर वीसेक मिनिटं धुडगूस घातला. बीबीसी रेडिओचा निवेदक जॉन पील तिथे हजर होता, त्याने आयोजकाला सांगितलं की यांना सोडू नका. पुढच्या वर्षी आइल ऑफ वाइटचा प्रचंड महोत्सव झाला, तेव्हा हे कुंपणाबाहेर हवा भरलेल्या तंबूत फुकट वाजवत होते. वेस्टवे उड्डाणपुलाखालीही फुकटच. तिकीट न काढता आलेला पोरगा हाच यांचा खरा श्रोता.

अशा बँडचं गाणं १९७२ मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं, 'सिल्व्हर मशीन'. लंडनच्या राउंडहाउसमध्ये मुद्रित झालेलं. कवी रॉबर्ट कॅल्व्हर्टने गायलेला भाग जमला नव्हता. एकेकाला उभं करून पाहिलं आणि शेवटी लेमीचा आवाज बसला. सगळ्यांना ते अंतराळयानाचं गाणं वाटलं. कॅल्व्हर्टच्या सांगण्यानुसार ती त्याची चंदेरी सायकल होती: फ्रेंच लेखक आल्फ्रेड जारीचा कालयंत्राविषयीचा लेख वाचताना त्याला वाटलं की हा तर सायकलचंच वर्णन करतोय. या गाण्याच्या पैशांतून 'स्पेस रिच्युअल'चा दिव्यांचा, नर्तकीचा सगळा लवाजमा उभा राहिला. पुढच्या वर्षीचं 'अर्बन गुरिल्ला' मात्र अंगाशी आलं. बाँब करणाऱ्या तरुणाचं तिरकस गाणं, आणि नेमके तेव्हाच लंडनमध्ये आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचे स्फोट. बीबीसीने ते वाजवणं थांबवलं, कंपनीने मागे घेतलं.

नंतरची कारकीर्द भराभर सांगतो, कारण तिथे माझंही प्रेम पातळ होतं. १९७७ चा 'क्वार्क, स्ट्रेंजनेस अँड चार्म' कॅल्व्हर्टच्या शब्दांसाठी जरूर ऐका. १९७८ मध्ये काही काळ 'हॉकलॉर्ड्स' हे नाव. १९८० च्या 'लेव्हिटेशन'वर चक्क क्रीम या गाजलेल्या बँडचा जिंजर बेकर ड्रमवर. १९८५ मध्ये मायकेल मूरकॉक या इंग्रज लेखकाच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांवरचा अल्बम. पुढे टर्नर स्वतःचा वेगळा हॉकविंड घेऊन फिरू लागला तेव्हा नावावरून प्रकरण कोर्टात गेलं आणि नाव ब्रॉककडे राहिलं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर ते. ऐकणाऱ्याचं उत्तर वेगळं: टर्नरचा सॅक्सोफोन काढला तरी हॉकविंड ओळखू येतो, लेमी काढला तरी येतो, ब्रॉकचा तो न हलणारा उजवा हात काढला की येत नाही. म्हणून माझ्या लेखी बँड एकच आहे.

एक सावधगिरी. यांच्या जुन्या लाइव्ह टेप वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली इतक्यांदा विकल्या गेल्यात की तीच सहा गाणी तुम्ही चार वेळा विकत घ्याल. मुखपृष्ठावरच्या ग्रहताऱ्यांना भुलू नका, मागे मुद्रणाचं साल शोधा. साल छापलेलंच नसेल तर ठेवून द्या. 'स्पेस रिच्युअल' पचला की 'डोरेमी फासोल लाटिडो' घ्या, मग १९७४ चा 'हॉल ऑफ द माउंटन ग्रिल'. हा माउंटन ग्रिल म्हणजे पोर्टोबेलो रोडवरचं साधं खाणावळवजा कॅफे, जिथे ही मंडळी पडीक असायची.