नोटरी केलेला ११ महिन्यांचा करार संपला, भाडेकरू कोथरूडचा फ्लॅट सोडत नाही. काय करावं?

आधी एक गोष्ट: वीज-पाणी तोडू नका, कुलूप बदलू नका, उलट तुम्हीच अडचणीत याल. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवणं घरमालकाचंच काम. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरतात. खोडून काढायचा पुरावा तुम्ही द्यायचा. म्हणून बँकेतल्या भाड्याच्या नोंदी, मेसेज जपा आणि वकिलामार्फत नोटीस पाठवा.

याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) ताबा परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो, मुदतीनंतरच्या राहण्याचं दुप्पट शुल्कही मागता येतं. पण नोंदणीकृत करार हातात असला तरच हा रस्ता सरळ. पुढच्या वेळी ऑनलाइन नोंदवा; शहरात नोंदणी फी १,००० रुपये, मुद्रांक वेगळा.